ऐकणाऱ्याचं ऐकणारं कुणीतरी

एमएसडब्ल्यूची पदवी घेऊन मी एका छोट्या व्यसनमुक्ती केंद्रात रुजू झाले, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. सोमवारी दाखल झालेला एक पेशंट बुधवारी रात्री चादरीवरच्या मुंग्या झटकायला लागला. चादर स्वच्छ होती. तो घामाने भिजला होता, हात थरथरत होते, आणि मध्येच तो मला त्याच्या बहिणीच्या नावाने हाक मारत होता. ‘पेशंट घरी जायला मिळावं म्हणून नाटकं करतात,’ असं मला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगून ठेवलेलं होतं. म्हणून मी त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसले आणि मन खंबीर कसं करायचं, हे त्याला समजावू लागले.

तेवढ्यात वॉर्डातले मामा आले. त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावला, त्याचे दोन्ही हात पुढे धरायला लावून बोटं पाहिली आणि मला विचारलं, ‘शेवटची कधी घेतली होती यानं?’ फाइलमध्ये रविवार रात्र लिहिलेली होती. मामांनी बोटांवर तास मोजले. ‘ताई, बोलणं राहू द्या. डॉक्टरांना फोन लावा. डीटी लागलाय.’ अर्ध्या तासात त्याला मोठ्या रुग्णालयात हलवलं. तो वाचला.

मामा सातवी शिकलेले. त्या मुंग्या त्यांनी ओळखल्या, कारण काही वर्षांपूर्वी त्या त्यांच्याच चादरीवर चालल्या होत्या.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी थांबली की काही तासांतच थरथर सुरू होते. पहिल्या एकदोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना डेलिरियम ट्रेमेन्स होतो, म्हणजेच वॉर्डातल्या भाषेत डीटी. माणसाला भास होतात, वेळ-ठिकाण कळेनासं होतं, ताप चढतो, नाडी धावते. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. हे कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात आहे. माझ्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातही एका तासिकेत ते येऊन गेलं असणार. पण रात्री अडीच वाजता, समोर माणूस मुंग्या झटकत असताना, ते माझ्या कामी आलं नाही.

ही गोष्ट इथेच थांबवली तर ‘अनुभव हाच गुरू’ म्हणून मोकळं होता येईल. पण तिचा दुसरा भागही सांगायला हवा. त्याच मामांच्या पाळीत काही महिन्यांनी गर्द घेणारा एक मुलगा आला. विशीतला. त्याला टर्की लागली होती, म्हणजे गर्द थांबल्यावर होणारा त्रास. नाक-डोळे गळत होते, हाडं मोडल्यासारखी दुखत होती, पोटात पिळवटत होतं. मामांनी रात्रभर त्याचे पाय चेपले. पहाटे मात्र त्याला म्हणाले, ‘मी बघ, देवापुढे नारळ फोडला आणि एका दिवसात सोडली. तुझ्या मनातच नाही, म्हणून तुला जमत नाही.’ उजाडायच्या आत तो मुलगा भिंतीवरून उडी मारून निघून गेला. मामा दिवसभर जेवले नाहीत. दारू आणि गर्द यांचं शरीरातलं काम वेगळं असतं आणि एकाची वाट दुसऱ्याला चालेलच असं नाही, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं.

माझी पदवी अपुरी पडली ती बुधवारची रात्र आणि मामांचा अनुभव अपुरा पडला ती पहाट, या दोन्हींमधून हे पुस्तक जन्माला आलं आहे. व्यसनी माणसांच्या सोबतीचं काम करू इच्छिणाऱ्यांसाठी ही हस्तपुस्तिका आहे, आणि तिच्यात शिरण्याआधी ‘या कामाला लायक कोण?’ या प्रश्नाशी थोडं थांबणं मला आवश्यक वाटतं.

कागदावरचं उत्तर लवकर सांगून होतं. एमडी झालेले मनोविकारतज्ज्ञ औषधोपचार करतात. दिल्लीच्या एम्स आणि बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थांत त्यापुढे व्यसनोपचारातली डीएम ही पदवीही घेता येते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे लागते. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आपल्याकडे टाटा सामाजिक विज्ञान संस्था, निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था अशा ठिकाणी मिळते. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांत समुपदेशकाकडून सामाजिक शास्त्रातली पदवी आणि व्यसनमुक्तीचं प्रशिक्षण अपेक्षित असतं. शिवाय पिअर एज्युकेटर हे पद व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसासाठीच असतं. म्हणजे मामांच्या अनुभवाला सरकारी कागदावरही जागा आहे, आणि मला ती गोष्ट मोलाची वाटते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या वापरातून उद्भवणाऱ्या मानसिक स्थितींना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतलं. त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या केंद्राला नोंदणी आणि किमान मनुष्यबळ या अटी लागू होतात. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्याने समुपदेशकांचीही दखल घेतली. तरी आज गावोगावच्या पाट्यांवर ‘समुपदेशक’ हा शब्द दिसतो तेव्हा त्यामागे कुणीही असू शकतं: आठ वर्षं शिकलेली बाई, आठ दिवसांचं शिबिर केलेला मुलगा, किंवा फक्त आवाज चढवता येणारा माणूस.

आवाज चढवणाऱ्यांनी या क्षेत्राचं फार नुकसान केलं आहे. वडिलांनी लिहून दिलं म्हणून पंचवीस वर्षांच्या मुलाला गाडीत घालून आणायचं, फोन काढून घ्यायचा, पट्ट्याने मारायचं आणि त्याला ‘शिस्त’ म्हणायचं, हे चालवणारी केंद्रं मी पाहिली आहेत. कायद्यात स्वतःहून दाखल होण्याची तरतूद आहे. ज्याला त्या वेळी निर्णय घेता येत नाही त्याच्यासाठीही आहे, पण तिथे वैद्यकीय तपासणी लागते आणि मुदती ठरलेल्या आहेत. गाडी पाठवून उचलून आणण्याची तरतूद नाही. कार्यकर्त्याला कायद्याची कलमं पाठ नसली तरी चालेल, पण ही रेघ कुठे आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असलं पाहिजे.

महाराष्ट्रात या कामाला मोठं बळ मिळालं ते १९८६ साली, पुण्यात. मुंबईच्या वस्त्यांत गर्दाच्या पुड्या पोचल्या होत्या आणि डॉ. अनिल अवचट त्यावर लिहीत होते. ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण उभं राहिलं. त्याच्या केंद्रस्थानी डॉ. अनिता अवचट होत्या. त्या स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या, आणि तरीही बरे झालेले रुग्णच पुढे तिथले कार्यकर्ते झाले. मला ही जोडणी विलक्षण वाटते. डॉक्टरचा डोळा आणि भोगलेल्या माणसाचा हात एकाच छपराखाली आले. ‘सहचरी’ या नावाने तिथे पत्नींचा गट सुरू झाला, कारण घरातला एक जण पितो तेव्हा सगळं घर आजारी पडतं. पुढे मुक्ता पुणतांबेकर यांनी ते काम वाढवलं आणि मुक्तांगण इतर संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठीही प्रशिक्षणाचं ठिकाण झालं. इथल्या कित्येक लहान केंद्रांतला कुणी ना कुणी तिथे शिकून आलेला असतो.

त्याच्या सहा वर्षं आधी चेन्नईत शांती रंगनाथन यांनी टी. टी. रंगनाथन यांच्या नावाने संस्था सुरू केली. दारूने त्यांचा नवरा नेला होता. एवढं दुःख पाठीशी असलेली व्यक्ती बहुतेकदा दुसऱ्याच दिवशी काम सुरू करते, आणि लोकही तिला अधिकार देऊन टाकतात. शांतीताई मात्र आधी शिकायला गेल्या. समाजकार्याचं शिक्षण त्यांच्याकडे होतंच, त्यावर त्यांनी अमेरिकेत हेझल्डनला जाऊन व्यसनोपचाराचं प्रशिक्षण घेतलं आणि मग संस्था काढली. त्या संस्थेने समुपदेशकांसाठी केलेल्या पुस्तिकांवर देशभरातल्या कार्यकर्त्यांच्या पिढ्या वाढल्या. नवऱ्याच्या मृत्यूने त्यांना कारण दिलं. कसब मात्र त्यांनी वर्गात बसून मिळवलं.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा इथे उल्लेख न करणं कृतघ्नपणाचं होईल. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही दारूचे व्यसनी, एकमेकांशी बोलले आणि त्यातून ही चळवळ निघाली. आज आपल्याकडे चर्चच्या खोलीत, शाळेच्या वर्गात, समाजमंदिरात मराठीतून मीटिंगा होतात. त्यांच्या परंपरांमधली एक परंपरा सांगते की, ही सोबत व्यावसायिक होऊ द्यायची नाही. दोन बेवड्यांनी (हा शब्द ते स्वतःसाठी वापरतात, तो अधिकार आपला नाही) एकमेकांना फुकट दिलेला हात, एवढंच त्याचं रूप राहावं. ही भूमिका मला पूर्ण पटते. पण तोच माणूस उद्या पगारावर केंद्रात येतो, तेव्हा त्याच्या कमरेला किल्ल्या येतात. औषधांचं कपाट त्याच्या ताब्यात जातं. आता तो शेजारच्या खुर्चीवरचा मित्र राहत नाही, त्याच्याकडे सत्ता येते. आणि सत्ता आली की शिक्षण हवंच.

मग पदवी नसलेल्या माणसाला शिकवून तयार करता येतं का? या प्रश्नाचं मला सर्वांत आवडणारं उत्तर गोव्यातून आलं आहे. ‘संगत’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. घातक प्रमाणात पिणारे ३७७ पुरुष त्यात होते. निम्म्यांना नेहमीची काळजी मिळाली. उरलेल्यांना त्याशिवाय जास्तीत जास्त चार भेटींचं समुपदेशन मिळालं, आणि ते देणारे लोक स्थानिक होते, मानसिक आरोग्यातली कोणतीही पदवी नसलेले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के माणसं घातक पिण्यातून बाहेर आली होती, दुसऱ्या गटात २६ टक्के. शेवटच्या चौदा दिवसांत दारूला अजिबात न शिवलेले पहिल्या गटात ४२ टक्के होते, दुसऱ्यात १८.

हे आकडे मी प्रशिक्षणात सांगते तेव्हा समोरची मुलं-मुली सुखावतात. मग मी त्यांना दोन गोष्टी सांगते. पहिली ही की, ज्यांना दारूचं पूर्ण अवलंबित्व जडलं होतं, ते या प्रयोगात नव्हतेच. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक चाचणी आहे, तिच्यात १२ ते १९ गुण मिळालेल्यांनाच घेतलं होतं. त्याच्या वरच्यांना डॉक्टरची गरज होती. म्हणजे त्या समुपदेशकांना आपलं काम कुठे संपतं ते आधीच आखून दिलेलं होतं. मला त्या बुधवारी रात्री ते कुणी आखून दिलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. त्या समुपदेशकांच्या भेटी ध्वनिमुद्रित होत होत्या. ते एकत्र बसून एकमेकांचं काम ऐकत आणि त्याला गुण देत. कुठे घाई झाली, कुठे आपलंच म्हणणं पुढे रेटलं, कुठे माणूस काहीतरी सांगू पाहत होता आणि ते निसटलं, हे आपसांत तपासत. काही आठवड्यांच्या वर्गापेक्षा मला हे खरं शिक्षण वाटतं. जो दिवसभर ऐकतो, त्याचं ऐकणं तपासणारं कुणीतरी हवं. आपल्याकडे प्रमाणपत्र हातात पडलं की शिक्षण संपलं, असं मानायची पद्धत आहे. या कामातली पात्रता तशी एकदा मिळून कायम राहत नाही. ती दमते, बोथट होते, कधी उद्धट होते, आणि हे ज्याचं त्याला कळत नाही.

तज्ज्ञच सगळं करतील म्हणून वाट पाहत बसण्याची चैन तर आपल्याला परवडणारीच नाही. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दारूच्या अवलंबित्वात अडकलेल्या दर ३८ माणसांपैकी एकालाच कसले का होईना उपचार मिळाल्याचं दिसलं. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेला माणूस १८० मध्ये एक. उरलेल्यांपर्यंत पोचायला आशाताई, पोलीस पाटील, शिक्षिका, तालुक्याचा कार्यकर्ता, गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’सारख्या प्रयत्नांतून गावागावांत काम करणारी माणसं, हेच हात आहेत. प्रश्न त्यांना शिकवायचं काय, हा आहे.

तर शिकायचं बरंच काही न करण्याचं असतं. उपदेश न करण्याचं तर सर्वांत आधी. आपण उपदेशावर वाढलेली माणसं आहोत. समोर पिणारा दिसला की जिभेवर ‘अहो, मुलांचा तरी विचार करा’ आपोआप येतं. त्याने मुलांचा विचार केलेला असतो, कित्येकदा त्याच विचाराने तो प्यायलेला असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८० च्या दशकात मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत विकसित केलेली मुलाखतीची पद्धत जगभर शिकवली जाते. तिचं सार आपल्या बोलीत सांगायचं तर असं: सोडण्याची कारणं आपण सांगायची नाहीत, ती त्याच्या तोंडून यायला हवीत. ‘घेतल्यावर काय बरं वाटतं?’ असं खऱ्या कुतूहलाने विचारलं तर माणूस आधी चपापतो. इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलेलं नसतं. मग म्हणतो, ‘झोप लागते.’ थोड्या वेळाने तो स्वतःच म्हणतो, ‘पण पहाटे तीनला जाग येते.’ त्या ‘पण’पासून आपलं काम सुरू होतं. तो ‘पण’ आपण आधीच बोलून टाकला, तर तो त्याचा राहत नाही.

घरच्यांशी बोलायलाही शिकावं लागतं. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती वाचून कितीतरी बायका नवऱ्याच्या चहात पावडर किंवा गोळी मिसळतात. ती गोळी डायसल्फिराम असेल आणि त्यावर तो प्यायला, तर धाप लागते, रक्तदाब घसरतो, हृदयावर ताण येतो, प्रसंगी जीव जातो. ते औषध वाईट नाही. डॉक्टरच्या देखरेखीखाली, घेणाऱ्याच्या संमतीने ते उपयोगी पडतं. पण चोरून देणाऱ्या बाईला ‘हे काय केलंत!’ म्हणून फटकारलं, तर ती पुन्हा येत नाही आणि पावडरही थांबत नाही. ती किती वर्षं एकटी लढते आहे, हे आधी ऐकावं लागतं. गोळीचं त्यानंतर.

पदार्थही बदलत राहतात. माझ्या सुरुवातीच्या काळात दारू आणि गर्द एवढंच ओळखावं लागे. आज मुंबईतली मुलं एमडीबद्दल, म्हणजे मेफेड्रोनबद्दल, बोलतात, छत्रपती संभाजीनगरकडे ‘बटन’ हा शब्द झोपेच्या गोळ्यांसाठी वापरतात, रेल्वे फलाटावरचं पोर पंक्चरच्या सोल्यूशनचं फडकं नाकाला लावून बसलेलं असतं. प्रत्येकाचं शरीर वेगळ्या वेळी, वेगळ्या तऱ्हेने बंड करतं. म्हणून या पुस्तकात पदार्थांवरचं प्रकरण सर्वांत मोठं आहे, आणि दर आवृत्तीला तेच सर्वांत आधी जुनं होणार आहे.

जे कार्यकर्ते स्वतः व्यसनातून आले आहेत, त्यांच्यासाठी एक वेगळं प्रकरण आहे. आपली गोष्ट केव्हा सांगायची आणि केव्हा गिळायची, ओळखीचा वास आला आणि स्वतःचीच तलफ जागी झाली तर कुणाला फोन करायचा, स्लिप झाली, म्हणजे पुन्हा घेतली गेली, तर ती लपवायची वेळ येऊ नये म्हणून संस्थेने काय करायचं. हे शेवटचं संस्थाचालकांनी वाचावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. बरा झालेला माणूस तुमच्या भिंतीवरचं जाहिरातीचं चित्र नाही. त्यालाही सुट्टी लागते, पुरेसा पगार लागतो, त्याची स्वतःची मीटिंग त्याला लागते.

मामांनी आणि मी पुढे बरीच वर्षं एकत्र काम केलं. त्या मुलाच्या पहाटेनंतर मामा स्वतःहून प्रशिक्षणाला गेले. वर्गात सर्वांत वयस्कर तेच होते, इंग्रजी संज्ञा देवनागरीत लिहून पाठ करत. परत आल्यावर आम्ही दर गुरुवारी दुपारी अडीचला दार लावून बसायला लागलो. ते दोन तास खूप भांडून मिळवावे लागले, कारण त्या वेळात ‘काहीच काम होत नाही’ असं वरच्यांना वाटे. पेशंटची लेखी परवानगी घेऊन त्याच्याशी झालेल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग लावायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं. एका वहीत नोंद ठेवायची: वीस मिनिटांपैकी आपण स्वतः किती मिनिटं बोललो.

ती वही माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर मामांच्या नावापुढे १४ लिहिलं आहे, माझ्या नावापुढे १६. सहा महिन्यांनंतरच्या पानावर त्यांचे ७ झालेले दिसतात. त्या गुरुवारच्या रेकॉर्डिंगमध्ये एक मुलगा आपल्या आईबद्दल काहीतरी सांगायला तोंड उघडतो आणि गप्प होतो. मग पंख्याचा आवाज येत राहतो, बराच वेळ. मामा खुर्चीत सरसावल्याचं ऐकू येतं, पण ते बोलत नाहीत. आणि मग तो मुलगा सांगायला लागतो.